कबड्डी सुटली, आता थेरपिस्ट व्हायचंय: एका डाव्या कोपऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा २८ वर्षांचा, परळचा. कुमार गटापासून कबड्डी, दोनदा राज्य स्पर्धा, जागा डावा कोपरा. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं एसीएल, म्हणजे सांध्यातलं एक लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, पण परत उतरल्यावर पूर्वीची झेप राहिली नाही. बीकॉम आहे, खेळाडू कोट्यातून नोकरी आहे. मंडळातली पोरं त्याच्यापाशी मन मोकळं करतात. एक जण तर रात्री दोनला फोन करून ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणतो. आता त्याला सायकोथेरपिस्ट व्हायचंय. वय उलटलं का? बीकॉमवरून जाता येतं का? नोकरीचं काय? खेळाचा काही उपयोग होतो का? आणि सगळ्यात शेवटी, जरा लाजत विचारल्यासारखं: ‘ताई, तुम्हाला अजून मॅच बघवते का?’

ताई म्हणालास म्हणून तुला ‘तू’च म्हणते. मी उजवा कोपरा होते. लालबागची चाळ, वडील गिरणीत, १९८२चा संप लागला तेव्हा मी सात वर्षांची. २००१ साली, सव्विसाव्या वर्षी माझाही गुडघा गेला. त्यानंतर आठ वर्षांनी मी पहिल्यांदा स्वतःच्या नावाची पाटी लावली. तेव्हा वयाचा प्रश्न इथेच मिटला असं धर.

आधी त्या रात्री दोनच्या मुलाचं बघू. तुझं शिक्षण, माझं उत्तर, सगळं त्याच्यानंतर. त्याला सरळ विचार, ‘जीव द्यायचा विचार येतो का? कसा द्यायचा ते ठरवलंयस का?’ असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन कल्पना शिरत नाही. उलट बहुतेकांना हायसं वाटतं, की कोणीतरी तो शब्द उच्चारला एकदाचा. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगायचं आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं. केईएम, सायन, नायर या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढायला फार पैसे लागत नाहीत. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. तो नंबर त्याच्या फोनमध्ये तू स्वतः सेव्ह करून दे. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन त्याला दिलं असशील तर आजच मोडून टाक, आणि मोडतोयस हे त्याला तोंडावर सांगून मोड. हे सगळं मित्राने करायचं काम आहे, त्याला पदवी लागत नाही.

आता तुझं.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: ‘खेळ सुटला तरी खेळाडूंसाठी काहीतरी करत राहीन.’ ते मी तीनदा वाचलं, कारण २००२ साली मीही हेच, जवळपास याच शब्दांत म्हणत होते. माझी किटबॅग तेव्हा माळ्यावर होती. आत नी-कॅप, बुटांची जोडी, आयोडेक्सची अर्धी डबी आणि घामाने कडक झालेली जर्सी. आई दर दिवाळीला विचारायची, टाकू का, आणि मी दर दिवाळीला तिच्यावर खेकसायचे. सहा वर्षं ती बॅग तिथे होती. या सहा वर्षांत मी मानसशास्त्रात पुन्हा बीए केलं, मग एमए केलं, शोक म्हणजे काय, त्याच्या अवस्था कुठल्या, यावर पंधरा-पंधरा मार्कांची उत्तरं लिहिली. माळ्याकडे बघितलं नाही.

ज्याने वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून स्वतःला ‘खेळाडू’ एवढंच मानलंय, त्याचा खेळ गेला की त्याच्यापाशी स्वतःबद्दल बोलायला दुसरं वाक्य उरत नाही. ही खेळाडूची ओळख किती घट्ट आहे ते मोजायला अमेरिकेत १९९३ साली ब्रुअर, व्हॅन राल्टे आणि लिंडर यांनी एक छोटी प्रश्नावली केली. ती अजून वापरात आहे. पण आपल्याकडे ओळखीच्या जोडीला आणखी गोष्टी जातात. पहाटे पाचचा गजर जातो. मंडळाची खोली जाते. गल्लीतून जाताना ‘काय कोपरा!’ म्हणणारी हाक जाते. भूक तीच राहते आणि मेहनत थांबते, म्हणून चार महिन्यांत अंग सुटतं, झोप बिघडते, चिडचिड वाढते, आणि घरचे म्हणतात नोकरी लागली ना, आता कसलं टेन्शन. अभिनव बिंद्राने २००८चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकल्यानंतर आलेल्या नैराश्याबद्दल पुढे जाहीरपणे सांगितलं. जिंकलेल्याची ही गत होते, तर ज्याची राज्य संघाची निवड एका लिगामेंटने हुकली त्याची काय होत असेल.

हे एवढं लांबण लावून सांगण्याचं कारण असं की हा शोक तू केलेला नसेल, तर तो तुझ्या खुर्चीच्या मागे उभा राहतो आणि समोरच्याच्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसतो. माझ्याकडे सुरुवातीच्या काळात एक मुलगी यायची (तपशील बदललेत), धावपटू, पायाच्या हाडाला बारीक तडा गेलेला. ती म्हणत होती की तिला आता धावायचंच नाहीये. मनापासून म्हणत होती. आणि मी सलग तीन सत्रं तिला परतीच्या योजना आखून देत बसले. चौथ्या सत्राला ती आली नाही. माझी सत्रं तपासणाऱ्या, म्हणजे सुपरव्हिजनच्या मॅडमना मी हे सांगत होते तेव्हा त्यांनी मध्येच माझ्या हाताकडे बोट दाखवलं. माझा उजवा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि मी तो चोळत होते. त्या एवढंच म्हणाल्या, ‘मैदानावर कोणाला पाठवत होतीस?’

पुस्तकात याला काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात. मी त्याच आठवड्यात स्वतःसाठी थेरपिस्ट शोधला.

म्हणून माझा पहिला सल्ला: प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी, निदान त्याच्या बरोबरीने, तू स्वतः वर्षभर तरी थेरपी घे. ‘मला काही झालेलं नाही’ हे वाक्य सगळे खेळाडू म्हणतात. तुटलेल्या बोटाला पट्टी लावून दुसरा हाफ खेळणारी जमात आपली.

आता नावांचा गोंधळ सोडवू, कारण तू पत्रात चार शब्द एकाच अर्थाने वापरलेस. मराठीत हा घोळ फार आहे. वर्तमानपत्रं सगळ्यांनाच ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणतात. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे एमडी वगैरे केलेला डॉक्टर, औषधं तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला. निदानासाठीच्या चाचण्या, अहवाल, रुग्णालयातलं काम त्याचं. समुपदेशक म्हणजे साधारणपणे मानसशास्त्रात एमए किंवा समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केलेला. आणि ज्याच्यावर तुझा जीव आहे तो शब्द, सायकोथेरपिस्ट, त्याची आपल्याकडे अशी वेगळी सरकारी नोंदणी नाही. ते कामाचं नाव आहे. ते काम डॉक्टरही करतो, मानसशास्त्रज्ञही करतो आणि नीट शिकलेला समुपदेशकही करतो. याचा एक तोटा असा की वीकेंडचं सर्टिफिकेट घेऊनही कोणी पाटी लावतो. पाटी तुलाही लावता येईल, म्हणून तुझी जबाबदारी दुप्पट.

क्रीडा मानसशास्त्र ही आणखी वेगळी गल्ली. तिथे मुख्य काम कामगिरीचं: एकाग्रता, दडपण, सामन्याआधीची तयारी. भारतीय क्रिकेट संघासोबत २०११च्या विश्वचषकात पॅडी अप्टन होते ते मेंटल कंडिशनिंग कोच म्हणून. तुला पोरांची रात्र सांभाळायची आहे, चढाई सुधारायची नाही, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. चुकत असेन तर दुरुस्त कर, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे पडतात.

रस्ता. बीकॉमवरून थेट मानसशास्त्राच्या एमएला बहुतेक ठिकाणी अडतं, कारण पदवीला मानसशास्त्र मागतात. काही संस्था प्रवेश परीक्षेवर इतर शाखांना घेतात, तेव्हा त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक ओळ न ओळ वाच, कोणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नकोस. मुंबईत बघायच्या जागा म्हणजे कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग, देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, आणि मानसशास्त्रात एमए असलेली महाविद्यालयं. पूर्वी तुझ्यासारखे नोकरीवाले सरसकट बाहेरून, दूरशिक्षणातून मानसशास्त्रात एमए करायचे. माझ्या ओळखीतले कितीतरी जण तसेच आले. ती वाट आता बंद झालीय. यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली, कारण हा विषय २०२१च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याखाली येतो. आजही कोणी ‘घरबसल्या एमए, फक्त शनिवार-रविवार’ म्हणून फोन करत असेल तर फोन ठेवून दे.

क्लिनिकल व्हायचं असेल तर आणखी लांबचा पल्ला. इतकी वर्षं त्यासाठी एमएनंतर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. लागायची. २०२२च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच मोडीत निघाली, या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत दिली गेली, आणि तिच्या जागी आरसीआयने नवे अभ्यासक्रम आणलेत. मान्यताप्राप्त संस्थांची यादी आरसीआयच्या संकेतस्थळावर असते. पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव त्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

मी तुझ्या जागी असते तर? नोकरी सोडली नसती. तू ज्या पाच टक्क्यांच्या खेळाडू आरक्षणातून लागलास ती जागा पुन्हा मिळत नाही. मी पहिली चार वर्षं नोकरी सांभाळून अभ्यास केला, एमएच्या शेवटच्या वर्षी बिनपगारी रजा घेतली, आणि प्रॅक्टिस सुरू करूनही पाच वर्षं कार्यालयात सही करत होते. साहेब कुचकटपणे म्हणायचे, ‘आधी पकडी करायची, आता वेडे पकडते.’ त्यांच्याच मुलाला पुढे माझ्याच एका सहकाऱ्याकडे पाठवावं लागलं, पण ते असो.

एकूण किती वर्षं? पदवीपासून सुरुवात केलीस तर सात-आठ. प्रवेश थेट एमएला मिळाला तर चार-पाच, यात सुपरव्हिजनखालची दोन वर्षं धरून. ती दोन वर्षं कागदावर कुठे सक्तीची नसतात, म्हणून बरेच जण गाळतात. तू गाळू नकोस. सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी माणसासमोर आपली सत्रं मांडायची आणि बोलणी खायची. आणि इथे, खरं सांगते, आपण खेळाडू लोक इतरांच्या कोसभर पुढे असतो.

माझ्या बरोबरीच्या हुशार मुली, पहिल्या वर्गात आलेल्या, सुपरव्हिजनमधून डोळे पुसत बाहेर यायच्या. मॅडमनी काही अपमान केलेला नसायचा; ‘इथे तू घाई केलीस’ एवढंच म्हटलेलं असायचं. मला त्याचं काहीच वाटत नसे. अकरा वर्षं रोज संध्याकाळी अख्ख्या मैदानासमोर सर ओरडले होते, ‘पाय बघ तिचा, तोंड काय बघतेस!’ चूक दाखवली की ती दुसऱ्या दिवशी सुधारायची, एवढंच मला माहीत होतं. मी चूक म्हणजे मी वाईट, असं समीकरण खेळात टिकत नाही. टिकलं तर माणूस दुसऱ्या हंगामात दिसत नाही.

दुसरी शिदोरी म्हणजे कोपऱ्याची नजर. चढाईवाली तोंडाने एक सांगते, खांदे दुसरं सांगतात, आणि खरं वजन कुठल्या पायावर आहे ते कोपऱ्यालाच दिसतं. समोर बसलेला माणूस ‘बाबांचं काही नाही, ते चांगले आहेत’ म्हणतो आणि त्याच वेळी त्याच्या पायाची बोटं चपलेत आत वळतात. मला ती दिसतात. पुस्तकाने हे शिकवलं नाही, आंबेवाडीतल्या मातीने शिकवलं.

पण दिसलं की झेप घ्यायची, हीसुद्धा आपली सवय, आणि ती घात करते. तू डावा कोपरा आहेस, तुला पाल्हाळ लावून सांगायला नको. घाईची पकड कशी होते? चढाईवाला बोनस रेषेकडे पाय टाकतो, तुला घोटा दिसतो, तुझ्या मदतीला असलेल्या कव्हरने अजून साखळी घट्ट केलेली नाही, आणि तू झेपावतोस. घोटा हातात येतो, पण मागे कोणी नसतं. तो तुला फरपटत मध्यरेषेपर्यंत नेतो आणि जाताना कव्हरलाही शिवून जातो. थेरपीत सल्ला देणं हे नेमकं असंच होतं. रुग्णालयाच्या ओपीडीत शिकाऊ असताना एक बाई आल्या, नवरा दारू पिऊन मारतो म्हणाल्या. मी दहाव्या मिनिटाला त्यांना पोलीस, महिला मंडळ, माहेर, सगळं समोर मांडून दिलं. त्या मान डोलवत राहिल्या. उठताना म्हणाल्या, ‘बरं झालं बाई, पण मला विचारायचं होतं की मला रात्री श्वास का लागतो.’ मी ते विचारलंच नव्हतं. त्यांना आधी घाबरण्याबद्दल बोलायचं होतं, मी नवऱ्याला पकडायला गेले होते. त्या पुढच्या वेळी आल्या नाहीत, आणि आजही परळच्या पुलावर तशा ठेवणीची बाई दिसली की मी वळून बघते.

तेव्हा तुला पहिलं वर्ष-दोन वर्षं जे शिकायचंय ते म्हणजे घोटा दिसत असताना थांबणं. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने ज्याला विनाअट स्वीकार म्हटलं तो ऐकायला गोड वाटतो, पण जिंकायची सवय लागलेल्या माणसाला तो जड जातो. समोरचा सहा महिने तिथेच घुटमळतोय आणि गुणफलक हलत नाही, हे खेळाडूला सोसत नाही. मला अजून कधीकधी सोसत नाही.

कुठली पद्धत शिकायची, असंही तू विचारलंयस. सुरुवातीला एकच धर आणि नीट शिक. मुंबई-ठाण्यात विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या आरईबीटीची परंपरा चांगली रुजलीय. डॉ. कि. मो. फडके यांनी एलिसशी पत्रव्यवहार करून ती इथे आणली, मराठीत लिहिलं, शिकवलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये काढलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथेही या विचाराचं काम मोठं. खेळाडूंना ही पद्धत चटकन कळते, कारण एलिस ज्याला हट्टाग्रह म्हणतो तो आपल्या भाषेत एका अक्षरात मावतो. ‘मी संघात असायला हवं’ आणि ‘मी संघात असायलाच हवं’. या ‘च’वर मी कधीकधी अख्खं सत्र काढते. मुलं हसतात, मग स्वतःच पकडू लागतात: ताई, बघा, आला परत ‘च’. मात्र ज्याच्या अंगावर जुना घाव आहे, त्याच्यापाशी ‘च’ काढायला जाणं क्रूर ठरतं. त्यासाठी वेगळं शिक्षण लागतं, ते पुढे घे.

एक गंमत सांगते. आपल्या खेळात कोणालाही न शिवता आणि निदानरेषा न ओलांडता परत आलं की चढाई करणारा बाद. थेरपी शिकताना मला याच्या उलट नियम लावावा लागला. निदान करणं समुपदेशकाचं काम नाही. डिप्रेशन, बायपोलर, ओसीडी हे शिक्के आपण मारायचे नाहीत. शंका आली की डॉक्टरांकडे पाठवायचं. मुंबईतल्या मुलांच्या तोंडी आजकाल हे शब्द मोबाइलवरून आयते येतात. मैदानावरची पोरं मात्र अजून म्हणतात, ‘पाय उचलत नाही’, ‘मूड नाही’, ‘फॉर्म गेला’. ‘पाय उचलत नाही’ म्हणणाऱ्याचा मी झोप, भूक, रडू आणि मरणाचा विचार, हे चारही विचारल्याशिवाय कधी सोडत नाही.

खेळाडूंसोबत काम करणार असशील तर तीन गोष्टी अशा आहेत ज्या साध्या समुपदेशनाच्या वर्गात तुला कोणी सांगणार नाही.

वजन. वजन गटात बसायला स्पर्धेआधी दोन दिवस पाणी तोडणं, प्लास्टिकचा कोट घालून पळणं, तोंडात बोटं घालून ओकणं, हे आपण पाहिलंय, बहुधा केलंयही. तू त्याला शिस्त म्हणत आलास. खुर्चीत बसल्यावर त्याला खाण्याच्या आजाराची सुरुवात म्हणूनही बघता आलं पाहिजे. आणि हे मुलांमध्येही होतं, फक्त मुलींचा आजार नाही.

औषधं. आपण देत नाही, पण माहिती हवी. नैराश्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या बंदीच्या यादीत नाहीत, तेव्हा ‘डोपिंगमध्ये सापडेन’ म्हणून पोरगा गोळी टाळत असेल तर त्याला डॉक्टरांशी हे बोलायला लाव. उलट एडीएचडीवरचं, म्हणजे लक्ष टिकत नसल्याच्या विकारावरचं मिथाइलफेनिडेट स्पर्धेच्या काळात बंदीतलं आहे, त्यासाठी आधी वैद्यकीय सवलतीचा अर्ज, टीयूई, करावा लागतो. हे न कळल्यामुळे खेळाडूचं करिअर जाऊ शकतं.

आणि तिसरी, जिच्याबद्दल मैदानावर कोणी बोलत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाने किंवा मुलीने तुला सांगितलं की प्रशिक्षकाने किंवा कोणीही लैंगिक छळ केला, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण तो इथे आड येत नाही. म्हणून पहिल्याच सत्रात सांगायचं, ‘तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, फक्त तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर अत्याचार झाला असेल, तर मला बोलावं लागेल.’ मी हे वाक्य न चुकता म्हणते. एकदा एक मुलगी हे ऐकून उठून गेली. दोन महिन्यांनी आईला घेऊन परत आली.

आणि तू ज्या मंडळात खेळलास त्याच मंडळातल्या पोरांची थेरपी तू करायची नाहीस. मित्र राहा, दादा राहा, पण खुर्ची दुसऱ्याची असू दे. ज्याच्याबरोबर वडापाव खाल्लाय, ज्याच्या बहिणीच्या लग्नात पंगत वाढलीय, तो तुला सगळं सांगू शकत नाही आणि तू त्याचं सगळं ऐकू शकत नाहीस. चाळीत वाढलेल्या आपल्याला ही सीमारेषा परकी वाटते. मलाही शेजारच्या काकूंना ‘नाही’ म्हणायला घाम फुटला होता. त्यांनी वर्षभर अबोला धरला.

पैशाचं पटकन सांगते. मी २००९मध्ये दादरला एका दवाखान्याच्या मागची खोली तासावर घेतली होती. सत्राचे दोनशे घ्यायचे, त्यातले ऐंशी भाड्याला जायचे. शेजारच्या घरात साडेसहाला मिक्सर लागायचा, मग आम्ही दोघंही चटणी वाटून होईपर्यंत गप्प बसायचो. आज मुंबईत सत्राला हजार ते तीन हजार घेणारे आहेत, पण पहिली तीन-चार वर्षं हातात फार काही पडत नाही, आणि सुपरव्हिजनचे पैसे तुला खिशातून द्यावे लागतात. दादर मी का निवडलं? दोन्ही रेल्वे तिथे येतात, आणि गर्दी इतकी की कोण कोणाकडे चाललंय ते कळत नाही. परळचा मुलगा परळात समुपदेशकाकडे जात नाही. तो दादरला उतरतो आणि ओळखीचं भेटलं तर फुलं घ्यायला आलो म्हणतो.

या आठवड्यात करण्यासारखं एवढंच: पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका शोध, दोन-तीन संस्थांची माहितीपत्रकं उतरवून घे, कार्यालयात अभ्यासरजेचा नियम काय आहे ते आस्थापना विभागात विचार. आणि त्या मुलाला उद्या सकाळी फोन कर, रात्रीची वाट बघू नकोस.

आता मॅच. तेरा वर्षं नाही बघवली. २०१४ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा अख्खी चाळ टीव्हीपुढे होती आणि मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते, खरं तर दोनदा लावली. मैदानावर परत गेले ते त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, प्रभादेवीला, प्रकाशझोतातली मुलींची मॅच होती. मागे उभी राहिले, कोणी ओळखू नये म्हणून ओढणी डोक्यावर. पिवळ्या जर्सीतली चढाईवाली उजव्या कोपऱ्यात शिरली, आणि माझा डावा हात आपोआप बाजूला गेला, साखळी धरायला. बाजूला एक अनोळखी काकू होत्या, हातात शेंगदाण्याची पुडी. मी त्यांचं मनगट गच्च धरलं होतं. त्यांनी एकदा हाताकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, पुडी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, ‘धरा, धरा, अजून चढाई संपली नाही.’